कोलेस्टेरॉलची गोळी आणि गरोदर बाई: औषध महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत),
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

महोदय,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे माझं रोजचं काम. हे पत्र मराठीत लिहिते आहे आणि खुलं ठेवते आहे, कारण ते ज्या बायकांबद्दल आहे त्यांनाही वाचता यायला हवं. मागणं एकच आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन आणि त्यांच्या गटातल्या, म्हणजे स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गटातल्या, सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘गरोदरपणात देऊ नये’ अशी एका ओळीची सरसकट मनाई असते. ती काढून तिथे बाईच्या आणि तिच्या डॉक्टरच्या उपयोगाची माहिती छापायला लावा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २० जुलै २०२१ रोजी नेमकं हेच केलं. स्टॅटिन गटाच्या लेबलवरची गरोदर स्त्रियांसाठीची सरसकट बंदी काढा, असं त्यांनी कंपन्यांना सांगितलं. ही गोळी गरोदरपणात बिनदिक्कत चालते, असं त्यांनी म्हटलेलं नाही. बहुतेक स्त्रियांनी दिवस राहिल्याचं कळताच ती थांबवावी, हा सल्ला कायम आहे. मात्र ज्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांना आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा तीव्र आजार आहे, त्यांच्याबाबतीत डॉक्टर आणि पेशंट मिळून निर्णय घेऊ शकतील, एवढी वाट त्यांनी मोकळी केली. शिवाय, दिवस राहिल्याचं ठाऊक नसताना सुरुवातीच्या आठवड्यांत गोळी घेतली गेली असेल तर बाळाला इजा होण्याचा संभव कमी आहे, हे पेशंटला सांगून धीर द्या, असंही डॉक्टरांना बजावलं.

माझ्या टेबलावर जी पत्रकं येतात त्यांत यातलं काही नाही. मनाई तेवढी आहे.

ती मनाई आली कुठून? या गटातलं पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. तेव्हा तिथे गरोदरपणातल्या धोक्याप्रमाणे औषधांना ए, बी, सी, डी आणि एक्स अशी अक्षरं देत. ती पद्धत १९७९ ची. स्टॅटिन एक्समध्ये गेलं. प्राण्यांना मोठाले डोस दिल्यावर पिल्लांच्या हाडांत दोष आढळले होते, हे एक कारण. दुसरं कारण हिशेबाचं होतं. रक्तवाहिन्यांत चरबी साचायला दशकं लागतात, मग नऊ महिने गोळी घेऊन गरोदर बाईला मिळणार काय? फायदा शून्य धरला, की थोडासा संशयही मनाईला पुरतो. त्याच एक्समध्ये थॅलिडोमाइड होतं, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन होतं, ज्यांनी गर्भाची खरोखर भयंकर हानी होते. आणि त्यातच कुटुंबनियोजनाच्या गोळ्याही होत्या. त्या बाळाला अपाय करतात म्हणून नव्हे, तर गरोदर बाईला त्यांचा काहीच उपयोग नाही म्हणून. एवढी निरनिराळी औषधं एका अक्षराखाली आली आणि पुढे सगळ्यांची भीती सारखीच झाली. जून २०१५ पासून अमेरिकेने ही अक्षरं बाद करायला घेतली. आमच्याकडे परीक्षेच्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरच्या औषधसूचींतून ती अजून पाठ होत आहेत.

सुरुवातीची भीती निराधार होती असं मात्र मी म्हणणार नाही. गर्भाला कोलेस्टेरॉल लागतंच. पेशींची आवरणं त्यावर उभी राहतात, संप्रेरकं त्यातून बनतात. गर्भाचा मेंदू, हातपाय यांची आखणी करणारं सोनिक हेजहॉग नावाचं प्रथिन कोलेस्टेरॉल जोडलं गेल्यावरच नीट काम करतं. शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याची शेवटची पायरीच जन्मजात बिघडलेली असली तर काय होतं, हे १९६४ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेल्या स्मिथ-लेमली-ऑपिट्झ या आजाराने दाखवून दिलं आहे: जुळलेली पायाची बोटं, दुभंगलेला टाळू, खुंटलेली बुद्धी. म्हणूनच गरोदरपणात आईचं कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं. दीडपटीपर्यंतही जातं आणि ट्रायग्लिसराइड्स दुप्पट-चौपट होतात. गरोदर बाईचा लिपिड प्रोफाइल काढून घाबरणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. ती वाढ बाळासाठी असते आणि बाळंतपणानंतर उतरते.

२००४ मध्ये पहिल्या तिमाहीत स्टॅटिन घेतलेल्या स्त्रियांच्या नोंदी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आल्या. त्यांत मेंदूची आणि हातापायांची गंभीर व्यंगं असलेली बाळं होती. वाचणारा हादरणारच. पण अशा नोंदी औषधाबद्दल तक्रार म्हणून येतात. ज्या बाईने सहा आठवडे गोळी घेतली आणि जिचं बाळ ठणठणीत जन्मलं, तिच्याबद्दल कोण कशाला पत्र लिहील? शंका घ्यायला या नोंदी पुरेशा होत्या. निकाल द्यायला त्या पुरणाऱ्या नव्हत्या.

निकालाच्या जवळ जाणारं काम २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. ब्रायन बेटमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतली ८,८६,९९६ बाळंतपणं तपासली. त्यांत पहिल्या तिमाहीत स्टॅटिन घेतलेल्या १,१५२ स्त्रिया होत्या. त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण ६.३४ टक्के निघालं, इतरांच्या बाळांत ३.५५ टक्के. जवळजवळ दुप्पट! इथे थांबलं असतं तर मनाई पक्की झाली असती. पण स्टॅटिन घेणाऱ्या बायका कोण असतात? वयाने मोठ्या, वजन जास्त, रक्तदाब असलेल्या आणि मुख्य म्हणजे आधीपासून मधुमेह असलेल्या. हे सगळं जमेस धरून पुन्हा तुलना केली तेव्हा धोक्याचं गुणोत्तर १.०७ वर आलं. म्हणजे फरक उरला नाही म्हटलं तरी चालेल. वाढ दिसत होती तिचं मोठं कारण मधुमेह होता, कोलेस्टेरॉलची गोळी नव्हे.

या अभ्यासाच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवून मला काही मागायचं नाही. त्यात जिवंत जन्मलेली बाळंच मोजली आहेत. गर्भपात झाले ते हिशेबात नाहीत. १,१५२ हा आकडा फार मोठा नाही, त्यामुळे एखादा लहान धोका त्यातून निसटला असेल. गर्भपात किंचित वाढलेले दिसले असे काही अभ्यास आहेत. ते औषधामुळे की मूळ आजारामुळे, हे त्यांतून उलगडत नाही. तैवानमधल्या २०२१ च्या अभ्यासात व्यंगं वाढलेली दिसली नाहीत, पण बाळं कमी वजनाची आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ज्या बाईला गोळीवाचून नऊ महिने सहज काढता येतात तिने ती थांबवावी, यासाठी एवढं कारण भरपूर आहे. पोटातलं हवंहवंसं मूल पाडावं, यासाठी यात कारण नाही.

आणि तेच घडतं, महोदय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी एक पेशंट नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आली होती. आधीच्या बाळंतपणात साखर वाढलेली, नंतर ती तशीच राहिली, त्यामुळे मेटफॉर्मिनबरोबर अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू. पाळी चुकली, घरी किटवर दोन रेघा आल्या, आनंद झाला. गोळ्या आणायला गेल्यावर मेडिकलवाल्याने सहज सांगितलं, “ताई, ही गरोदरपणात चालत नाही, बाळाला व्यंग येतं.” त्याने मनाचं सांगितलं नव्हतं, खोक्यातलं पत्रक काढून दाखवलं होतं. तिथून दोन दिवसांत गर्भपाताची तारीखसुद्धा ठरली. माझ्याकडे ती आली होती ते साखर किती आहे ते बघून ‘फिटनेस’ घ्यायला.

तिच्या पर्समध्ये कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप होती. उरलेल्या गोळ्यांवरून तिने किती घेतल्या याचा हिशेब ती मला करून दाखवत होती. एकेका रिकाम्या खळग्यावर बोट ठेवून. मी तिचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, पाहिला, तो ९ च्या वर होता. पहिल्या आठ-दहा आठवड्यांत बाळाचे अवयव घडत असताना आईची साखर एवढी चढलेली असली तर हृदयाच्या आणि मणक्याच्या व्यंगांचा धोका खरोखर वाढतो. ज्या गोळीला ती भीत होती तिच्याबद्दल घाबरण्यासारखं फारसं नव्हतं. ज्या आकड्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं त्याची खरी तातडी होती. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन थांबवलं, इन्सुलिन सुरू केलं, फॉलिक अ‍ॅसिड दिलं, अठराव्या-विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी नीट करून घ्यायला सांगितली आणि तिला आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलगी झाली, चांगली आहे. एका निरोगी बाळावरून औषध सुरक्षित ठरत नाही, हे मला समजतं. पण ती तारीख पाळली गेली असती, तर तो निर्णय एका ओळीने घेतलेला असता, आणि ती ओळ आपल्या संमतीने छापलेली असते.

याच्या उलट, गोळी थांबवणंच ज्यांना धोक्याचं आहे अशी माणसं संख्येने कमी आहेत, पण त्यांना मोजावं लागणारं मोल फार मोठं आहे. दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला घराण्यातून आलेला कोलेस्टेरॉलचा आजार असतो. यकृतावरचे जे ग्राहक (रिसेप्टर) रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेतात, तेच त्यांच्यात अपुरे. त्या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर आजार फार भयंकर होतो: एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे, गुडघ्यांवर, कोपरांवर, बोटांच्या पेरांवर पिवळसर गाठी, टाचेमागची शीर जाडजूड, आणि हार्ट अटॅक विशीच्या आत. जगात हे सरासरी तीन लाखांत एकाला होतं असं मानतात. पण आमच्या दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे, आणि एकाच घराण्यातलं जनुक दोन्ही बाजूंनी यायला ती रीत वाट करून देते. गाठी घेऊन आलेली मुलगी आधी कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली असते, चामखीळ म्हणून जाळूनही झालेलं असतं.

या मुलींना लहानपणापासूनच स्टॅटिन चालू करावं लागतं आणि आयुष्यभर घ्यावं लागतं. त्यांचं लग्न होतं, त्यांना मूल हवं असतं. ब्रिटनमध्ये मूल हवं असेल तर तीन महिने आधीपासून गोळी थांबवा असं सांगतात. दिवस लगेच राहतील असं नाही, मग नऊ महिने गरोदरपणाचे, मग अंगावर पाजण्याचे, मग दुसरं मूल. नॉर्वे आणि नेदरलँड्समधल्या अशा स्त्रियांच्या २०२१ च्या पाहणीत गरोदरपण आणि स्तनपान यांपायी औषधाविना गेलेल्या काळाचा मध्यक २.३ वर्षं होता. काहींची त्याहून कितीतरी जास्त. सौम्य आजार असलेल्या स्त्रीला हे झेपतं आणि तिने थांबवणंच योग्य. जिच्या हृदयात आधीच स्टेंट आहे, तिचं काय? पोटात न शोषली जाणारी कोलेस्टिरॅमिनसारखी पावडर देता येते, पण ती कमी परिणामकारक आणि गरोदरपणात घशाखाली उतरायला कठीण. रक्तातलं एलडीएल यंत्राने गाळून काढण्याची सोय आपल्या देशात मोजक्या ठिकाणी आहे. माझ्या पेशंटला ती आठवड्या-पंधरवड्याला कुठून मिळणार? अशा बाईसाठी स्टॅटिन चालू ठेवणं कधीकधी कमी धोक्याचं असतं. पण पत्रकावर मनाई छापलेली असताना ते लिहून देण्याचं धाडस गावातला डॉक्टर करत नाही. उद्या काही झालं तर ग्राहक आयोगात ते पत्रकच पुराव्याला येईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

या भीतीची झळ गरोदर नसलेल्या बायकांनाही बसते. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईला स्टॅटिनची खरी गरज असते, तरी ‘अजून मूल व्हायचंय ना, मग नको’ म्हणून तिला ते दिलंच जात नाही. भावाला त्याच आजारासाठी गोळी चालू असते, बहीण तशीच राहते. मूल हवं तेव्हा सांगा, तोवर गर्भनिरोधक वापरा, एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात.

आता एका गोष्टीकडे आपलं मुद्दाम लक्ष वेधते, कारण तिथे धोका खरा आहे. आपल्या बाजारात कोलेस्टेरॉलची गोळी अनेकदा एकटी येत नाही. तिच्याबरोबर रक्तदाबाचं रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन एकाच गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये असतं. या दोन गटांची औषधं दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत बाळाची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, गर्भजल आटवतात, बाळ दगावू शकतं. यात शंका उरलेली नाही. पण अशा एकत्र गोळीच्या पत्रकात दोन्ही औषधांची मनाई एकाच सुरात, एकाखाली एक छापलेली असते. वाचणाऱ्याला कळत नाही की यातल्या एका घटकासाठी आज, आत्ता औषध बदलून घ्यायला हवं, आणि दुसऱ्यासाठी घाबरून जाण्याचं कारण नाही. सगळंच सारख्या मोठ्या आवाजात सांगितलं की खरा इशारा ऐकूच येत नाही.

आणि हे पत्रक पोहोचतं तरी कुणापर्यंत? ते इंग्रजीत असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि खोक्यात असतं. आमच्याकडे महिन्याच्या गोळ्या एकदम घेणारे थोडे. दहाची स्ट्रिप, कधी पाचच गोळ्या कापून. खोकं आणि पत्रक दुकानात राहतं. स्ट्रिपवर मागच्या बाजूला ‘डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो, तोही कापताना अर्धा जातो. म्हणून मजकूर बदलण्याबरोबरच तो मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, जिथे औषध विकलं जातं तिथल्या भाषेत मेडिकलवाल्याच्या हाती द्या. स्ट्रिपवर क्यूआर कोड छापून तो मजकूर उघडता येईल अशी सोय करा. मोबाइल आता शेतमजूर बाईच्या हातातही आहे.

आणखी एक. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादहून त्याचं काम चालतं. गरोदरपणात स्टॅटिन घेतलं गेलेल्या स्त्रियांची नोंद त्यात वेगळी ठेवता येईल, आणि बाळ चांगलं झालं तरी ती नोंद व्हावी असं डॉक्टरांना कळवता येईल. अमेरिकेतल्या आणि तैवानमधल्या बायकांच्या आकड्यांवर मी माझ्या पेशंटला धीर देते आहे. आमच्या बायकांत मधुमेह लवकर येतो, रक्त कमी असतं, बाळं आधीच कमी वजनाची जन्मतात. त्यांचे आकडे आमच्याकडे असायला हवेत.

स्तनपानाबद्दल माझं मत जपून मांडते. गोळी चालू असताना अंगावर पाजू नये, हा सल्ला अमेरिकेनेही ठेवला आहे आणि तो राहू द्यावा. पण बहुतेक आयांना पाजण्याचे महिने गोळीविना काढता येतात, म्हणून पत्रकात आधी ते यावं. ‘पाजणं बंद करा’ एवढंच लिहिलं, तर वरच्या दुधाच्या बाटलीने आमच्याकडे काय होतं ते पावसाळ्यात कुठल्याही सरकारी बालरुग्ण कक्षात पाहायला मिळेल.

पत्रकात काय छापावं याचा मसुदा खाली देते आहे. आपल्या विषय तज्ज्ञ समितीने तो तपासावा, जिथे चूक असेल तिथे दुरुस्त करावा.

‘ही गोळी चालू असताना दिवस राहिल्याचं कळलं तर घाबरू नका. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांमुळे बाळाला व्यंग येण्याची शक्यता वाढते, असं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. केवळ या गोळीच्या भीतीने गर्भपात करून घेऊ नका. बहुतेक स्त्रियांनी गोळी थांबवावी आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, स्टेंट किंवा बायपास झालेलं असेल, किंवा घराण्यात कोलेस्टेरॉलचा आजार असेल, तर गोळी थांबवायची की चालू ठेवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मधुमेह असेल तर साखर लगेच तपासून घ्या. तुमच्या गोळीत रक्तदाबाचं औषधही आहे का, ते मेडिकलवाल्याला विचारा. असेल तर रक्तदाबाचा उपचार स्वतःहून न सोडता लगेच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या. बाळाला पाजत असताना ही गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ते बाळंतपणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.’

कळावे.

आपली,
एक फिजिशियन, जि. सांगली